नाव बदललेले आहे

तळेगाव दाभाडे
२१ जानेवारी २०२५

प्रिय स्वरूपा,

सलाम. इकडे सगळे जिवंत आहेत. तिकडेही असतील असं धरून चालते.

तुझ्या संस्थेच्या वर्धापनदिनाचं निमंत्रण मिळालं. ‘प्रमुख वक्त्या : मुमताज शेख, कामगार नेत्या’ असं मला न विचारताच छापलंस, पण त्याचा राग नाही. कॉलेजच्या वादविवादातही विषय तू निवडायचीस आणि घसा मी फोडायचे. इंटरनेट, मशीन आणि माणसाचा खाजगीपणा यांवर तुम्ही केलेल्या अभ्यासाचं दिल्लीत कौतुक झालं, हेही वाचलं. अभिनंदन.

अब्बांचं गॅरेज बरं चाललंय. एहसान हल्ली तिथेच असतो. हल्ली म्हणजे, तुझा अहवाल आल्यापासून.

कारखान्याच्या गेटवर चेहरा बघून हजेरी लावणाऱ्या मशीनवरचं प्रकरण मी पुन्हा वाचलं. त्यात ‘इम्रान (नाव बदललेले आहे)’ म्हणून माझा भाऊ आहे. त्याचं नाव बदललंस, गाव बदललंस, वयसुद्धा बदललंस. आणि गालापासून कानापर्यंत भाजलेला चेहरा तसाच ठेवलास. चाकणच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या खात्यात, असे किती चेहरे असतील असं वाटलं तुला?

छापण्याआधी त्यानं तुला फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते.

“ताई, चेहऱ्याचं तेवढं काढा. बाकी सगळं राहू द्या.”

तू म्हणालीस, “एहसान, तेच काढलं तर मशीन चुकतं हे सिद्ध कसं करायचं?”

तो हसला. “बरं. तुम्हाला जास्त कळतं.”

मग एका सकाळी ठेकेदारानं त्याला गेटवरच अडवलं. “या हिरो, पुस्तकात आलात म्हणे. आता पुस्तकच खा.” मशीनला जो चेहरा कधी धड ओळखता आला नाही, तो आज तळेगावपासून चाकणपर्यंत प्रत्येक ठेकेदाराच्या मोबाइलवर आहे. त्याच्यासाठी पाहिलेल्या उझ्माच्या घरच्यांनी लग्नाची बोलणी थांबवली. एहसान गाडीवर रुमाल बांधून जातो आणि गॅरेजमध्येही तो सोडत नाही. अब्बा म्हणतात, धूळ फार आहे.

तुम्ही गरिबाच्या नावावर पांघरूण घालता आणि अंग उघडं ठेवता. कारण तुम्हाला त्याची जखमच हवी असते. नियम मोडला नाहीत, हे मला मान्य आहे. तुमचे नियम इतके स्वच्छ आहेत की त्यांवर कुणाचं रक्त दिसतच नाही.

सकाळपासून तुझे फोन येतायत. ते निमंत्रणासाठी नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून आता रविवारचं लिहिते.

रविवारी चाकणला आमची गेटसभा होती. मी तुमच्याच पद्धतीनं बोलले. म्हटलं, “ताथवड्यात एक बाई राहतात. नाव सांगणार नाही. त्या या मशीनविरुद्ध अहवाल लिहितात, आणि त्यांचे यजमान हेच मशीन विकणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहेत. मालकाच्या सांगण्यावरून मशीन मुद्दाम कडक लावलंय, म्हणजे गैरहजेरी वाढेल आणि पगार कापता येईल. हे मला त्या यजमानांनीच सांगितलं.”

“आपा, नाव सांगा की.”

“नाही सांगणार भावा. नियम आहे.”

लोक हसले. मग गेटवरचा वायरमन कोंडीराम उठला. “व्हय आपा, त्यो चष्मेवाला साहेब तर न्हाई? मशीन बसवाया आल्याला. धनेश का कायतरी नाव हाय.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाण्याचा घोट घेतला. मला बोलता येतं तसं गप्पही बसता येतं. पंधरा-वीस मोबाइल वर होते.

धनेश आमच्या स्वयंपाकघरात बसून हे सांगून गेला होता. त्यानं अम्मीच्या हातचा चहा घेतला होता. “ताई, माझ्याकडून आलं हे कळू देऊ नका,” असं म्हणाला होता. तो भला माणूस आहे. मी त्याचा वापर केला, जसा तू एहसानचा केलास. त्यानं फरक पडला, हेही सांगते : काल मालकानं मशीन बंद केलं. तुझ्या दोनशे पानांनी जे झालं नाही, ते तुझ्या नवऱ्यानं झालं. धनेशला दुसरी नोकरी मिळेल. त्याचा चेहरा साफ आहे.

तू मेसेज केलास : ‘व्हिडिओ काढून टाक, तो खोटा आहे म्हण, पाया पडते.’ मी जन्मात खोटं बोलले नाही, स्वरूपा. रविवारचं एकूण एक अक्षर खरं होतं.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण एहसाननं काल व्हिडिओ पाहिला. मग म्हणाला, “आपा, धनेशभाऊंनी तुझं काय बिघडवलं होतं?” मी म्हटलं, “तुझ्यासाठी केलं.” तो म्हणाला, “मला विचारलं होतंस?”

आज तो गॅरेजला गेला नाही. धनेशच्या कंपनीत गेला आहे. साहेबांना सांगणार आहे की माझी बहीण खोटारडी आहे, स्वयंपाकघरात कुणी आलंच नव्हतं. माझ्या बाजूनं हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्याच्यासाठी वाजल्या तो मला खोटं ठरवायला निघाला. रुमाल घरीच ठेवून गेला आहे. ते त्याचं ऐकून घेणार नाहीत. बघताच ओळखतील.

तिथून तो तुमच्याकडे, धनेशची माफी मागायला येईल. त्याला आत बसव. चहा दे. त्याचं काही लिहून घेऊ नकोस.

वक्ता दुसरा बघ.

एकेकाळची तुझी,
मुमताज