स्वयंपाकाची बाटली

चाचा, सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी डॉक्टरीणबाईंच्या घरी स्वयंपाकाला गेलो आणि ओट्यावर वाइनच्या तीन बाटल्या ओळीने मांडल्या. या बाई परदेशात शिकून आल्या, दोन वर्षांपूर्वी सोलापुरात दवाखाना काढला, पण तिकडे लागलेली चव काही सुटली नाही. रविवारी पुण्याहून येताना त्यांनीच या बाटल्या आणल्या, तिन्ही स्वस्तातल्या. मला म्हणाल्या, "मामा, प्यायला नकोय. रोजच्या सूपमध्ये, भाजीच्या रश्शात घालायची आहे. खिशाला परवडेल आणि पदार्थाची वाट लावणार नाही, अशी एक निवडून द्या. मग दर वेळी तीच आणत जाईन." काम एवढंच. पण पहिल्या बाटलीचं बूच काढताना तुम्हीच आठवलात. पंधरा वर्षांत मी वाइनची बाटली उघडली नव्हती, आणि शेवटची उघडली तेव्हा शेजारी तुम्ही उभे होता.

तुम्ही शिकवलं तसंच सगळं करत गेलो. एक थेंब तळहातावर घेऊन चोळला. पहिली चिकट लागली, म्हणजे साखर जास्त. ती पुडिंगला चालेल, रश्शाला नाही. दुसरीचा रंग साबणाने धुतला तरी बोटांच्या रेषांत बसून राहिला, म्हणजे वरून घातलेला. तिसरी लोखंडी पळीत ओतली, कांद्याची एक फोड टाकली आणि आचेवर धरली. "कांदा झूट नहीं बोलता," असं तुम्ही म्हणायचा. वाफ नाकात झोंबली नाही, कांदा नरम पडला, वास चांगला आला. आणि मग मी थांबलो, चाचा. कारण पुढचं तुम्हीच सांगून ठेवलं होतं, की आंबट नाकाला कळतं, गोड हाताला कळतं, पण कडू फक्त जिभेला कळतं. आटवलेल्या रश्शात कडूपणा दुप्पट होतो. तेव्हा पुढची पायरी चाखण्याची. आणि ती पायरी मी आयुष्यात कधी चढलो नव्हतो. दर वेळी माझ्या जागी तुम्ही चढलात.

मिलच्या गोऱ्या इंजिनिअरचा तो बंगला, जिथे आपण दोघं स्वयंपाकी होतो, आता पडीक आहे, पण स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. एका बाजूला तुमची मटणाची चूल, दुसऱ्या बाजूला माझा भाजीचा, सॉसचा आणि पुडिंगचा ओटा, मध्ये पाण्याचं पिंप. ही वाटणी तुम्हीच केली होती. मी वळसंगच्या शाळेतून चार इयत्ता शिकून आलेला लिंगायताचा पोर, गळ्यात लिंग. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या सदऱ्याच्या आतली दोरी पाहिली आणि मटणाची पातेली स्वतःकडे ओढून घेतलीत. वडिलांनी मला गावाहून पाठवताना एकच गोष्ट सांगितली होती, "गळ्यात लिंग हाय, दारू जिभेला लागू दिऊ नगं." ते मी तुम्हाला महिन्याभराने सांगितलं, तेही अडचण आली म्हणून.

अडचण साहेबाच्या मडमबाईंनी आणली. दारूबंदीचे दिवस, परमिटवर मोजक्या बाटल्या मिळायच्या. चांगल्या बाटल्या साहेबाच्या टेबलावर जायच्या, स्वयंपाकाला स्वस्तातली लागायची. मुंबईहून तीन-चार नमुने यायचे, त्यातून एक निवडायची आणि मग पेटीच्या पेटी यायची. निवड चुकली तर दोन महिने जेवण बिघडलं म्हणून समजा. मडमबाई मला म्हणाल्या, सॉस तू करतोस, तर चाखून तूच ठरव. तुम्ही मुसलमान, तुम्हाला विचारायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. माझ्या गळ्यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या दाराबाहेर गेल्या आणि मी चमचा हातात धरून नुसता उभा. तुम्ही विचारलंत, "क्या हुआ बेटा?" मी वडिलांचं बोलणं सांगितलं. तुम्ही चमचा माझ्या हातातून काढून घेतला, भिंतीकडे तोंड केलंत, घोट तोंडात घोळवला आणि मोरीत थुंकलात.

"चाचा, तुमालाबी चालत न्हाय की!"

"तू नया है. तेरेकू निकाल देगी. मेरेकू नहीं निकालती," तुम्ही म्हणालात. "और मेरा अल्ला देख रहा है की मैं थूक्या. तू तेरे देव को समझाते बैठेगा क्या? नक्को. ये दो नंबर वाली रख."

मग मागच्या नळावर जाऊन तुम्ही कितीतरी वेळ चुळा भरत राहिलात. त्या शुक्रवारी, तोंड बाटलं म्हणून, नमाजाला मागच्या रांगेत उभे राहिलात, हे तुमच्याच तोंडून नंतर कळलं. मडमबाई आल्या, विचारलं, "चाखलीस?" मी म्हणालो, "व्हय." दोन नंबर खरोखर उत्तम निघाली. पुढे पाहुणे जेवायला आले की मडमबाई मला बोलावून दाखवायच्या, याचं नाक बघा, स्वस्तातली बाटली निवडतो आणि महागातल्यासारखा सॉस करतो. मी हात जोडून उभा राहायचो. तुम्ही तुमच्या चुलीपाशी पाठ करून कांदा कापत असायचा.

हे तीन वर्षं चाललं. मग एका दुपारी तुमचा थोरला मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हा तो बेकरीत कामाला होता. त्याच बेकरीतून बंगल्यावर पाव यायचा, आणि पाव आणणाऱ्याने सकाळी तुम्हाला नळावर लाल चूळ टाकताना पाहिलं होतं, वासही घेतला होता. थोरला आत आला नाही. पलीकडच्या कोठीघरात मडमबाई साखर मोजत होत्या, दार उघडं होतं. त्याने तुमच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, "तुमी देवधर्माचे मानूस. तुमी खोटं बोलनार नाय. सांगा, अब्बा पिते क्या?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमची सुरी थांबली होती. दोनच शब्द पुरे होते, माझ्यासाठी चाखतात. पण कोठीघरातला साखरेचा आवाजही थांबला होता. मी म्हणालो, "मला काय म्हाईत न्हाय."

तुमची सुरी पुन्हा चालू झाली. "इसकू क्या पूछता?" तुम्ही म्हणालात. "जा, घर जा." तो गेला. त्या दिवसापासून तो तुमच्यासोबत एका दस्तरखानावर जेवायला बसला नाही. तुम्ही मला कधी एका शब्दाने टोचलं नाहीत. पुढच्या नमुन्यांच्या वेळी चमचा मात्र पुन्हा हातातून काढून घेतलात. तुम्ही रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. वर्षभरात दम्याने तुम्ही गेलात. थोरल्याने खांदा दिला, पण माती देताना त्याचा चेहरा दगडासारखा होता. मी लांब लिंबाखाली उभा होतो. पुढचे नमुने यायच्या आतच साहेब विलायतेला परतले.

तर सोमवारी मी पळी हातात धरून उभा, आणि डॉक्टरीणबाई आत आल्या. "काय मामा, चाखली का?" माझ्या तोंडात "व्हय" तयार होतं, सवयीचं. कसं कोण जाणे, मी म्हणालो, "बाई, मी चाखत न्हाय. कदीच चाखली न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

बाई हसल्या. "अहो, मग एवढं तोंड कशाला पाडता? आणा इकडे, मी चाखते." त्यांनी पळीतला घोट घेतला, म्हणाल्या, "छान आहे, कडू नाही," आणि दवाखान्यात निघून गेल्या.

एवढंच होतं, चाचा. मडमबाईंनी स्वतः चाखली असती की. त्यांना तसं विचारावं, हे तुम्हाला नाही तर मला, कुणाला तरी सुचायला हवं होतं. मी ओट्याला टेकून खाली बसलो. दूध उतू गेलं तरी उठलो नाही.

काल मी विजापूर वेशीकडे गेलो. थोरल्याची आता स्वतःची बेकरी आहे, कानशिलं पांढरी झाली आहेत. मला ओळखायला वेळ लागला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. चमचा, भिंत, चुळा, मागची रांग. तो नानकटाईचा पत्रा हातात धरून ऐकत राहिला.

"थूकते थे?" त्याने विचारलं.

"दर खेपेला. एक थेंब पोटात गेला न्हाय. माज्यासाठी चाखत हुते."

त्याने पत्रा जोरात आपटला. "पंद्रा साल! अम्मी भी गुजर गयी. उसकू तो बोलना था! आज येताय तुमी? त्या दिवशी का न्हाय बोलला?"

"नोकरी गेली असती," मी म्हणालो. त्याने मान फिरवली. मी पायऱ्या उतरलो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही, तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी एक ओळ गाळली असती. ती ओळ अशी, की मडमबाईंनी मला काढलं नसतं. पुडिंग करणारा दुसरा माणूस त्यांना सोलापुरात कुठे मिळणार होता? हे मला त्या दुपारीही ठाऊक होतं. मला सोडवत नव्हतं ते त्या नाकाचं कौतुक.

काल बेकरीतून निघून वेशीपर्यंत आलो. मागे फिरलो, पुन्हा त्या पायऱ्या चढलो. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. ती जायची वाट न पाहता मी थोरल्याला तीही ओळ सांगून टाकली.