वहीत फक्त माझाच हात

पोरी,

रक्त आणि लघवी तपासायला उपाशीपोटी लॅबमध्ये चाललोय. माझा चहा ठेवू नकोस.

काल तू प्रेशरचं मशीन आणून "बाबा, हात पुढे करा" म्हणालीस आणि मी तुझ्यावर खेकसलो. राग तुझा नव्हता. सकाळीच कपाटात तुझ्या आईची वही सापडली होती. नऊ वर्षं तिने रोज माझं प्रेशर मोजून लिहिलं, स्वतःचं एकदाही नाही. मी शिंपी माणूस. अख्ख्या गावाच्या दंडाची मापं घेतली, पण मशीनचा तो पट्टा तिच्या दंडाला कधी बांधला नाही. तिचे पाय सुजले तेव्हा म्हणालो, "चपला मोठ्या घे." ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, प्रेशरने किडन्या कधीच्याच खाल्ल्या होत्या. मला माझी किळस येते.

महिनाभर तुझं डोकं दुखतंय आणि तूही तिच्यासारखीच म्हणतेस, "मला काय धाड भरलीय?"

मशीन टेबलावर ठेवलंय. मी आलो की आधी तुझा हात. नाही म्हणालीस, तर माझाही मिळणार नाही.

बाबा