उत्तरेच्या भिंतीवरचे सिमेंट

मी, मेरेरिद प्रॉसर, वय छप्पन्न, राहणार लानगनविन, वेल्स, हे मृत्युपत्र स्वेच्छेने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची हमी देत नाही. सोमवारी त्याची शस्त्रक्रिया आहे.

१. माझे घर विकून येणारी रक्कम आमच्या तेराव्या शतकातल्या चर्चला द्यावी. तिचा विनियोग एकच : उत्तरेच्या भिंतीवरचे सिमेंट खरवडून पूर्ववत चुन्याचा गिलावा करणे. त्याच भिंतीत, बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाने बाहेर पडावे म्हणून ठेवलेले दार आहे. ते कधीच चिणले गेले. तेव्हापासून तो आतच असावा, बहुधा दुरुस्ती समितीत.

२. हे सिमेंट माझा धाकटा भाऊ एमलिन याने भक्तिभावाने आणि फुकट लावले. फुकट म्हणून कोणी हरकत घेतली नाही. मी म्हटले होते, "अरे, जुन्या भिंतीला श्वास लागतो."

"ताई, दगड कुठं श्वास घेतो?"

आता भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. ते वेदीपुढच्या ओकच्या जाळीच्या पायात मुरते. त्या जाळीवर कोण्या अनामिक सुताराने पाचशे वर्षांपूर्वी द्राक्षवेल कोरली. चर्चमधले कोरीवकाम मूर्तिपूजा म्हणून फोडत सुटलेल्या धर्मसुधारकांच्या कुऱ्हाडीतून ती वाचली. एमलिनच्या भक्तीतून वाचेलसे दिसत नाही. वेलीला हल्ली खरोखरच काहीतरी धरते. ती अळंबी आहेत.

३. नदीकाठचे कुरण एमलिनला, पण पहिली छिन्नी त्याने स्वहस्ते मारली तरच. अन्यथा ते समोरच्या, आमच्या चर्चशी पिढ्यान्‌पिढ्या न पटणाऱ्या पंथाच्या चॅपेलला जावे. त्या मंडळींकडे एकही मेंढी नाही. परंतु आमचे गवत मिळाल्यास ते आनंदाने नुसते बघत बसतील.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा इथला कायदा. हे कळताच एमलिन पेन काढून बसला. "मीच होतो साक्षीदार. कुरण गेलं खड्ड्यात, पण माझं काम मी फोडणार नाही!" त्याला चहा करायला पाठवले आहे. तो येण्यापूर्वी सह्या उरकाव्यात.

हे लिहीत असतानाच आतून हाक आली : "ताई, छिन्नी रुंद घेऊ की अरुंद? तू दवाखान्यातून येईस्तोवर एक कोपरा मोकळा करून ठेवतो. पण यायचं हं!"

अरुंद घे, म्हणून सांगितले. आणि हातोडा हलका. भिंत वयाने मोठी आहे.

सही : मेरेरिद प्रॉसर

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली :
नेस्टा बेव्हन, टपाल कचेरी
ओइर्विन हॉपकिन, मेंढपाळ

लानगनविन, ३ मार्च २०११