आत्याच्या नावाचा भुंगा

तीर्थरूप आत्यास,
इथूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांशी भांडतेस असं ऐकलं, म्हणजे बरा असावा. मीही बरा आहे, म्हणजे संग्रहालयाच्या कीटक-खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास घेत माणूस जितका बरा राहील तितका. (जेवतो वेळेवर. पुन्हा विचारू नकोस.)

अकरा वर्षांपूर्वी मी भुंग्यांची एक नवी प्रजाती शोधली आणि तिला तुझं नाव दिलं, ते तू साऱ्या गल्लीला सांगितलंच आहेस. तू मला वाढवलंस, आणि देण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं. खिडकीकडच्या खणात तुझे भुंगे, मोठे, हिरवे, बिनशिंगाचे. समोरच्या भिंतीशी दुसऱ्या प्रजातीचे, काळे, बुटके, शिंगवाले. मधे माझी खुर्ची. दुपारचं ऊन खणांच्या काचांवरून सरकतं तेव्हा मला वाटतं, ही सगळी कुठल्यातरी एकाच आजीची नातवंडं. पोरं जन्मतात ती थोडीथोडी वेगळी; ज्याचं जिथे जमतं ते तिथे तगतं, त्याची पोरं पुढे जातात, आणि लाखो वर्षांनी आजीला आपलं कुणी ओळखू येत नाही. आणखी मागे गेलं तर ती आजी माझीही कुणीतरी लागते. अशा विचारात मला तंद्री लागते (साहेब तिला झोप म्हणतात).

तर तुझ्या प्रजातीतली एक भुंगी जिवंत सापडली. तिला कुजक्या लाकडासकट काचेच्या पेटीत ठेवली. तिनं अंडी घातली, अळ्या झाल्या, आणि दीड वर्षानं, गेल्या सोमवारी, पिल्लावळ बाहेर आली: अर्धी हिरवी, अर्धी काळी शिंगवाली. एकाच आईची! मी चष्मा पुसून पाहिला, भुंगे तेच. शिंगवाले नर, हिरव्या माद्या. नर शिंगांनी झुंजतात, जिंकेल त्याची पोरं जास्त, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिंगं वाढत गेली. माद्यांना हा उद्योग नव्हता. आणि मी मात्र अकरा वर्षं नवरा एका भिंतीला, बायको दुसऱ्या भिंतीला ठेवून मधे डुलक्या काढत बसलो.

आमच्याकडे एका प्रजातीला दोन नावं निघाली, तर आधीचं टिकतं. काळ्यांचं नाव माझ्या जन्माआधीचं आहे.

तुझा भाचा

ता. क. साहेबांना काही माहीत नाही. पेटी माझ्या टेबलाखाली आहे. मी गप्प बसलो तर तुझं नाव राहील. घरी येणाऱ्या नर्सला तू भिंतीवरचा भुंग्याचा फोटो रोज दाखवतेस, हे मला कळलंय. बसू का गप्प?

ता. क. २. मघाशीच साहेबांना सांगून आलो. खोटं बोललो की तू पिळायचीस तो कान आठवडाभर ठणकत होता. तू रागावणार. रागाव.

ता. क. ३. त्या जुन्या नावाचा अर्थ ‘बुटका’. जन्मभर लग्नाला नाही म्हणालीस, कुणाचं नाव लावलं नाहीस, आणि आता माझ्यामुळे एका बुटक्याचं लावावं लागतंय. मला माफ कर. पण भिंतीवरचा फोटो उतरवू नकोस गं.