हवाई तोफ आधी, मामाजी!

प्रिय मामाजी,

परवा तुमची तेरवी झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून पत्र लिहायला बसलेय. गेलेल्या सासऱ्यावर सुनेनं असं चिडू नये, एवढं मला कळतं. पण तुम्ही करून ठेवलंय तसं!

सकाळी पंक्चरवाला गोपाल दारात आला. मोबाइलच्या खेळातल्या आपल्या मंडळाची लढाई उद्यावर आलीय, आणि कोण कोण लढणार त्याची यादी लावायची होती. बोलता बोलता तो म्हणाला, "वयनी, काकाचे डोळे बिघडले नसते तं मागची लढाई आपण जितलो असतो."

"डोळे? कोणाचे डोळे?"

"काकाचे ना! त्यायनंच सांगतलं सगळ्यायले. म्हने, मले आता तोफा दिसत नाहीत, मीच वर्षाले म्हटलं का माह्यं नाव कमी कर."

मामाजी, किती धडधडीत खोटं! वांग्यातली अळी दहा पावलांवरून हेरणारे तुमचे डोळे. त्यांना काय झालं होतं? तुमचं नाव मी काढलं होतं. तुम्हाला न विचारता. आणि चहाच्या वेळी वर तोंडावर सांगितलं होतं, "मामाजी, या खेपेले तुम्ही राहू द्या. तुमच्यापायी हरून राह्यलो आपण."

तुम्ही कप खाली ठेवला आणि "बरं" म्हणालात. बस, एवढंच. अहो, भांडायचं ना माझ्याशी! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी सारं घर डोक्यावर घेत होतात.

पण मी तरी काय करणार होते? किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला! शत्रूच्या गावात दोन हवाई तोफा असतात. जमिनीवरच्या सैन्याचं त्या काही वाकडं करत नाहीत, पण उडणारं काही दिसलं की दोन गोळ्यांत खाली. म्हणून आधी एक स्वस्तातला फुगा एकटा सोडायचा. लपवलेले बॉम्ब त्याच्यावर फुटून जाऊ द्यायचे. मग दोन्ही कोपऱ्यांवर आपला एकेक उडता ड्रॅगन धाडून कडेची घरं साफ करायची, म्हणजे मागचा ड्रॅगनांचा थवा नीट मध्यात तोफेवर जातो. नाहीतर ते ड्रॅगन कडेकडेच्या झोपड्या जाळत हिंडतात आणि वेळ संपतो. यात न कळण्यासारखं काय होतं?

तुम्हाला कळत सगळं होतं. करायचं नव्हतं! आपल्या उंद्री गावातली कोणतीही पंगत तुमच्या देखरेखीशिवाय बसली नाही, आणि लढाईही तुम्ही पंगतीसारखीच लावली. सगळे ड्रॅगन एका रांगेत, सगळे एकदम. मी कपाळाला हात लावला की म्हणायचात, "शेवटच्या पत्रावळीवर वाढल्याबिगर पयल्यानं घास घेऊ नये, पोरी. तसंच हे. एकाले मराले पुढं धाडाचं अन् बाकीच्यायनं मांगून तमाशा पाहाचा? हे आपल्याले नाही जमत."

"मामाजी, तो फुगा हाये! त्याच्यात जीव नाही!"

"त्याच्यात माणूस बसलेला दिसते ना मले."

आता याच्यावर काय बोलायचं? दोन बोटांएवढं चित्र ते. त्याच्या दयेपायी सगळी रांग तोफेच्या तोंडी जायची, मंडळ हरायचं, आणि तुम्ही खुशाल मिशीला हात लावून म्हणायचात, "गेले, पण संगंच गेले!" मंडळातली माणसं तुम्हाला काही बोलायची नाहीत. सगळं ऐकून घ्यायचं ते यादी लावणाऱ्या मला. आधीच बाई यादी लावते हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि तुमचं नाव काढून काय मिळालं? ती लढाई हरलोच आपण.

त्यानंतर आठ दिवस तुम्ही घरात सगळं बोललात, खेळाचं मात्र अवाक्षर नाही. मला वाटलं, रुसलेत. म्हटलं, रुसू द्या, बाजाराच्या दिवशी चिखलीहून गरम जिलबी आणते आणि समजूत काढते. बाजाराच्या आदल्या सकाळीच तुम्ही वांग्याच्या वाफ्यात बसलात ते उठलाच नाहीत. एक दिवस थांबता येत नव्हतं?

गोपाल गेल्यावर यांनी तुमचा फोन माझ्या हातात दिला. मी खेळ उघडला. मामाजी, ते आठ दिवस तुम्ही रुसला नव्हतात! सराव करत होतात. दुपारी खाटेवर भिंतीकडं तोंड करून फोन धरायचात, मला वाटायचं झोपलेत. सरावाचे सगळे हल्ले तिथं साठवलेले आहेत. मी एकेक लावून पाहिला. प्रत्येक वेळी आधी हवाई तोफ. माझ्या पद्धतीनं! कोपऱ्यावर ड्रॅगनसुद्धा बरोबर. फक्त फुगा तेवढा एकटा सोडलेला नव्हता.

शेवटच्या हल्ल्यात तर तुम्ही एकटा फुगा सोडलात. तो निम्म्यात पोचला, पहिला बॉम्ब फुटला, आणि तुम्हाला राहवलं नाही. घाईघाईनं सगळे ड्रॅगन त्याच्या मागं सोडून दिलेत. सगळे पडले. शेवटचा सरावही हरलात! मी हसले, मग पदर तोंडात कोंबून रडले. मग परत चिडले. एक हाक मारायची होती. शेजारी बसून शिकवलं असतं मी.

चार माणसांत सुनेची मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःला आंधळं ठरवलंत. कोणी सांगितलं होतं? आज गोपालसमोर मला खरं सांगता आलं नाही. "हाव, तसंच झालं," म्हणाले आणि आत निघून आले. ते "हाव" मला खोडून काढायचंय.

म्हणून आता शब्द देते. उद्याच्या यादीत तुमचं नाव आहे. हल्ला तुमच्या फोनवरून मी करीन, माझ्याच पद्धतीनं, तुम्हाला पटो न पटो. पण त्याआधी मंडळात सगळ्यांना लिहीन की मामाजींचे डोळे शाबूत होते, नाव मी काढलं होतं, त्यांना न विचारता. मग गोपालनं काही म्हणावं, गावानं काही म्हणावं. तुमच्यासमोर मागायची माफी राहून गेली, ती त्या सगळ्यांसमोर मागेन.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमची सून
वर्षा