नात्याचा रकाना

प्रिय ताई,

आपण दर रविवारी फोनवर बोलतो, मग मधेच हे पत्र कशाला, म्हणून तू काळजीत पडशील. माझी तब्येत ठणठणीत आहे. तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहितेय, एवढंच.

"दुकान जोरात आहे, मान वर करायला फुरसत नाही," असं मी तुला सांगत होते ना? सगळं खोटं. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि माझी दोन्ही शिलाई मशिनं, गिऱ्हाइकांचं कापड, सगळं भिजलं. भरपाई देता देता गाळाही सोडावा लागला. तुला कळलं असतं, तर तू हातातलं काम टाकून धावत आली असतीस. लहानपणापासून माझं सगळं तूच निस्तरलंस. म्हटलं, एकदा तरी झाकली मूठ राहू दे.

शेजारच्या नर्सबाईंनी एक संस्था सुचवली. तिथे गरजू बायकांना शिलाई मशीन देतात. मी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि मंगळवारी मशीन आणायला गेले. कोरं करकरीत होतं गं. हात फिरवला आणि डोळेच भरून आले. तेवढ्यात तिथला कारकून म्हणाला, "शेजारी उभ्या राहा, फोटो काढायचाय. देणगीदारांना करात सूट मिळते, त्यासाठी वस्तू कुणाला पोचली याचा पुरावा लागतो." मी मान खाली घालून उभी राहिले. "बाई, चेहरा दिसू द्या," असं त्यानं दोनदा सांगितलं.

मग सहीसाठी कागद पुढे आला. देणगीदार म्हणून त्यावर तुझं नाव होतं, ताई. खाली तुझा पत्ता. माझे कान तापले. कारकून पुढचा रकाना वाचत होता, "देणगीदाराशी काही नातं? असेल तर आमच्या नियमात बसत नाही."

मी म्हणाले, "नाही. मी ओळखतसुद्धा नाही त्यांना."

सही करून मशीन घरी आणलं. आता तो फोटो पोचपावतीसोबत तुझ्याकडे येईल आणि तू मला ओळखशील. पण तेवढ्यासाठी हे पत्र नाही. माझ्या खोट्या सहीवर तुझी सूट उभी राहायला नको, म्हणून उद्या मशीन परत करायला जातेय. आणि त्या रकान्यात माझ्या हातानं "सख्खी बहीण" लिहून येणार आहे. त्यानंतर तू मला काय हवं ते बोल.

तुझीच,
धाकटी