बारावं नाव

श्टाइनरोडा,
१४ नोव्हेंबर २०१८

आदरणीय श्रीमती ओटिली कालेनबाख यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असावी. इकडे डोंगरावरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि बटाटे तळघरात गेलेत. हा कागद कचेरीचा नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मी हाइनग्रुंड तालुका कचेरीत कारकून आहे. एकतीस डिसेंबरला आमचा तालुका बरखास्त होतोय. सातही गावं शेजारच्या शहराला जोडणार आहेत. जाता जाता तालुक्याचा इतिहास छापायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण जुनी हस्तलिपी इथे मला एकटीलाच वाचता येते. शाळेत जायच्या आधीच ती मी घरी शिकले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शिकवणाऱ्याचा एकच नियम होता: अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाचायचं नाही. तो नियम मला अजून छळतो. साधी तारीखसुद्धा मी तीनदा पडताळते.

गिरण्या, शाळा, अग्निशमन दल, १८७४ची आग, सगळं लिहून झालं. मग जून १९५२ आला.

त्या महिन्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. देशाच्या फाळणीच्या सीमेजवळची बारा घरं, 'भरवशाची नाहीत' म्हणून सरकारनं पहाटे ट्रकमध्ये घालून दूर नेली. त्यांची यादी मला दप्तरात सापडली आणि मी ती जशीच्या तशी पुस्तकात घेतली. आमचे अध्यक्ष ड्रेसेल यांनी पान वाचून चष्मा काढला. म्हणाले, "यूडिथ, 'काही कुटुंबांनी स्थलांतर केलं' एवढं बास. निरोपाचं पुस्तक आहे हे, आरोपपत्र नव्हे."

मी म्हटलं, स्थलांतर पक्षी करतात.

त्यांनी नोकरीची आठवण करून दिली. तालुकाच चाललाय, मला काढणार कुठून, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. मला नेहमी असंच होतं.

मग किर्मेसची जत्रा आली. तिची रीत तुम्ही विसरला नसाल. सोमवारी दुपारी गवताचा माणूस पुरायचा आणि त्याआधी सोंगाड्या पाद्र्यानं पिंपावर उभं राहून गावाची पापं वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं रागवायचं नाही, उभं राहायचं आणि सगळ्यांना एक फेरी पाजायची. म्हाताऱ्या माणसाला उठवत नसेल तर त्याच्या घरचं कुणीतरी उभं राहतं. यंदा पाद्री झाला होता बेकरीवाला लोरेन्त्स, आणि त्याचं भाषण मी लिहिलं होतं. बंब तळ्यात घालणारा ड्रायव्हर झाला, दोनदा तोच केक बक्षिसाला पाठवणारी बाई झाली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा कागद हातात घेऊन लोरेन्त्स खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, यात हसण्यासारखं काही नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "वाच."

त्यानं १९५२च्या त्या घरांची नावं वाचली, एकेक करून. मग वाचलं: यादी लिहिणारा, आल्विन हार्टलेब.

ते माझे आजोबा. तुमचे धाकटे भाऊ. मला लिपी त्यांनीच शिकवली, म्हणून यादीतलं अक्षर कुणाचं हे मला पहिल्याच ओळीत कळलं होतं. इतका वेळ मी हे टाळत होते. पाकिटावर नाव टाकलं नाही तेही यासाठीच. हार्टलेब वाचून तुम्ही पाकीट फोडलंच नसतं.

मी उभी राहिले. ड्रेसेल पुढच्या बाकावरून म्हणाले, बस खाली. मी बसले नाही. मग मागून काठीचा आवाज आला.

"तू बस, यूडिथ. हे माझं आहे," आजोबा म्हणाले. आणि ताठ उभं राहून लोरेन्त्सला म्हणाले, "अकरा वाचलीस. बारा होती."

बारावं नाव मीच भाषणातून गाळलं होतं. तारखा तीनदा पडताळणारी मी. आजोबांनी ते मोठ्यानं म्हटलं: "कालेनबाख. हुगो, ओटिली, आणि पाळण्यातलं मूल."

मग पलीकडच्या टेबलावरून, यादीतल्याच एका घरची म्हातारी गेर्लिंडे म्हणाली, "फेरी राहिली, आल्विन. सहासष्ट वर्षांची."

त्यांनी फेरी दिली. काहींनी ग्लास उचलले, काहींनी नाही. कुणी कुणी, ते मी पुस्तकात लिहिणार नाही.

घरी आल्यावर ते एवढंच बोलले. तेव्हा ते याच कचेरीत कारकून होते. अकरा नावं वरून आली होती. बारावं तालुक्यानं भरायचं होतं. आपल्याच माणसांना वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी बहिणीचं घातलं. मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांनी सांगितलं ते फक्त जसंच्या तसं उतरवते आहे.

पुस्तक तीस तारखेला छापायला जाईल. ड्रेसेलनी आपली प्रस्तावना काढून घेतली. प्रस्तावना गेली, पान राहिलं. नाव छापू का, असं बाकी अकरा घरांना मी विचारलंय. तुम्हाला विचारायचा धीर आजवर झाला नाही, कारण तुम्ही नको म्हणालात तर मला ऐकावं लागेल. ऐकेन. ती ओळ कोरी सोडेन, पण आकडा बाराच राहील. अकरा मी कुणासाठीही लिहिणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

त्यांच्या वतीनं तुम्हाला काही लिहू का, असं आजोबांना विचारलं. म्हणाले, "माझं लिहून झालंय."

सुरुवातीला तुम्हाला श्रीमती म्हटलं. आता तसं म्हणवत नाही, आजी.

तुमच्या भावाची,
आणि तुम्ही म्हणालात तर तुमचीही नात,
यूडिथ हार्टलेब